शाळेच्या लायब्ररीत नाताळ-संक्रांत: मुलांसोबत नक्की काय करावं?

पुस्तककपाट

नमस्कार मंडळी. नाशिकला एका अनुदानित मराठी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. पाचवी ते सातवीला आठवड्यातून एक लायब्ररीचा तास असतो, म्हणजे वेळापत्रकात असतो, डिसेंबरात गॅदरिंगच्या प्रॅक्टिससाठी तो कोण कधी पळवेल सांगता येत नाही ते सोडा. तर यंदा मुख्याध्यापक म्हणाले की मॅडम, पलीकडच्या इंग्लिश मीडियममध्ये सांता येतो, विंटर कार्निव्हल होतो, पालक फोटो बघतात आणि आपल्याला विचारतात, तुम्ही लायब्ररीत काहीतरी करा, नाताळ ते संक्रांत असं धरून. बजेट पाचशे रुपये.

अडचण अशी की मागच्या वर्षी एका वर्गात पुठ्ठ्याचं ख्रिसमस ट्री केलं होतं त्यावरून एक पालक येऊन बरंच बोलून गेले, हे आपलं नाही वगैरे. आणि सहावीत दोन ख्रिश्चन मुली आहेत, त्या तेव्हा तिथेच बसलेल्या. सातवीत चार-पाच मुस्लिम मुलं आहेत, बिहार-यूपीकडची पण आहेत. मला कापूस चिकटवलेला सांता नकोय आणि नुसतं तिळगूळ वाटून फोटो पण नकोय. लायब्ररीत करायचंय तर पुस्तकाशी काहीतरी नातं हवं ना? खोली लहान आहे, एका वेळी चाळीसेक मुलं दाटीवाटीने बसतात. कोणी असं काही केलं असेल तर सांगा. जे केलं आणि फसलं ते पण सांगा.

पाटीपेन्सिल_गुरुजी

ताई, मी बीड जिल्ह्यात झेडपीवर आहे. तुम्हाला आधी एक युक्ती सांगतो मग बाकीचं. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते, ती तुम्हाला तशीही करायचीच आहे, परिपत्रक येतंच. त्याच दिवसाच्या नावाखाली सगळं घ्या. गुरुजींचा आंतरभारतीचा विचार काय होता, भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं जगणं माहीत करून घ्यावं. मग तुमच्या वर्गातल्या बिहारच्या पोराने त्याच्याकडे संक्रांतीला दही-चुडा (म्हणजे दही-पोहे) खातात हे सांगणं आणि त्या दोन मुलींनी, त्यांची इच्छा असेल तर, नाताळाचं सांगणं हे आंतरभारतीच झालं की. साने गुरुजींच्या जयंतीला कुठला पालक भांडायला येतोय? आला तर त्यालाच दोन शब्द बोलायला उभं करा 😀

आता आमचं सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की टोळ्या निघतात ऊसतोडीला, गाव निम्मं रिकामं. जी पोरं मागे राहतात ती हंगामी वसतिगृहात नाहीतर आजी-आजोबांकडे. म्हणजे थंडीतले सण म्हणजे आईबाप घरी नसलेले सण. संक्रांतीला वर्गात सुगड काढायला सांगितलं की काही पोरं गप्प होतात, हे दोन वर्षं बघितल्यावर आम्ही वेगळं सुरू केलं. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि आता आनंददायी शनिवार म्हणून मोकळीक पण आहे, तर मैदानात शेकोटी करतो आणि आजी-आजोबांना बोलावतो. विषय एकच, तुमच्या लहानपणी थंडीत काय करायचात. हुरडा, वाकळ शिवणं, रात्री राखणीला शेतात झोपणं, खंडोबाची चंपाषष्ठी, जत्रा, जे येईल ते. पोरं वहीत उतरवतात, पुढच्या आठवड्यात चित्र काढून त्याची आठ-दहा पानी पुस्तकं करतात आणि, हे महत्त्वाचं आहे ताई, ती पुस्तकं दाखल नोंदवहीत रीतसर चढवायची. नंबर टाकायचा, शाळेचा शिक्का मारायचा, कपाटात इतर पुस्तकांत ठेवायची. पोरांनी स्वतःच्या आजीचं पुस्तक इश्यू करून नेलेलं बघितलंय मी. एक आजी तर आपलं पुस्तक किती जणांनी नेलं ते विचारायला शाळेत येते.

फसलेलं पण सांगतो. पहिल्या वर्षी आजोबांना माईक दिला. माईक दिला की माणूस भाषणच करतो. माईक नको.

वसईची_वाट

मी वसईची, आमच्या घरात नाताळ आणि मराठी दोन्ही पिढ्यानपिढ्या आहे त्यामुळे ‘हे आपलं नाही’ वाचून जरा हसू आलं आणि जरा राग पण. गुरुजींच्या ‘त्यांची इच्छा असेल तर’ला माझे शंभर मार्क. कारण मी शिकायला बाहेर होते तेव्हा दर डिसेंबरला सगळा वर्ग माझ्याकडे वळायचा, सांग गं तुमचं काय असतं, आणि मला तेव्हा बेंचखाली जावंसं वाटायचं. त्या दोन मुलींना प्रतिनिधी करू नका. सगळ्यांनाच एक प्रश्न द्या, थंडीत तुमच्या घरात कोणता पदार्थ होतो जो एरवी होत नाही. मग कोणी बाजरीची भाकरी-भोगीची भाजी सांगेल, कोणी डिंकाचे लाडू, कोणी नाताळचा केक, सगळे एकाच रांगेत.

आणि सांता न आणता नाताळ दाखवायचा असेल तर येशू जन्मला तो गोठा करा. आमच्याकडे आळीआळीत पोरं गोठा करतात, गवत, माती, बांबू, गाई-मेंढ्या, स्पर्धा असतात त्याच्या, आणि वर चांदणी लावतात. दिवाळीत किल्ला केलेली मुलं आहेत ना तुमच्याकडे? तीच मुलं तितक्याच हौसेने गोठा करतील, चिखल कालवण्यात त्यांचा हात बसलेलाच आहे. जुना आकाशकंदील असेल तर त्याचीच चांदणी होते. फक्त चिखल लायब्ररीबाहेर.

पुस्तकाशी नातं म्हणाल तर आमच्याकडे दिवाळी अंकांसारखे नाताळ विशेषांक निघतात मराठीत. दोन-तीन मिळवा आणि दिवाळी अंकांशेजारी ठेवा, बोलायची गरजच नाही. शिवाय रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओवीत, मराठीत. मुलांना ओव्या ज्ञानेश्वरीतून माहीत असतात, सातवीला एवढं नक्की सांगता येईल की याच घडणीत येशूची गोष्ट चारशे वर्षांपूर्वी सांगून झालीय.

गोदाकाठ

नाशिककर आहे म्हणून बोलतो. त्या पालकांना विचारा शरणपूर रोडवरून रोज जाता ना? ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून शिकवली जात. पुढे त्यातले काही जण आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत परत गेले, ‘नासिक बॉईज’ म्हणून इतिहासात नोंद आहे. त्यातला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत खांदेकऱ्यांमध्ये होता. नाशकात शिकलेला मुलगा! ही गोष्ट पाचवी-सातवीच्या मुलांना सांगा, बघा कशी ऐकतात. मला स्वतःला ही चाळिशीत कळली, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

अजून एक, संक्रांत म्हटलं की आपल्या जिल्ह्यात येवला विसरू नका. तीन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही, आणि त्यांची ती लाकडी आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. येवल्याचं कोणी नातेवाईक असेल तर आसारी मागवून टेबलावर ठेवा आणि मुलांना भाग ओळखायला लावा. त्याच्याच बाजूला नायलॉन मांजाच्या बातम्यांची कात्रणं. २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे तरी दर जानेवारीत गळे कापल्याच्या बातम्या येतातच. कात्रणं मुलांनीच वर्तमानपत्रातून शोधायची, लायब्ररीतलं वर्तमानपत्र तेवढ्यासाठी तरी उघडलं जाईल.

तिरकस_काना

मी जरा उलटं बोलतो, चालेल ना. लायब्ररीत सण कशाला हवाय? मुलांना आठवड्यातून एक तास मिळतो त्यातही तुम्ही गोठा, पतंग, आजी, शेकोटी. वाचणार कधी? माझ्या मुलाच्या शाळेत (नाव नको) लायब्ररी म्हणजे काचेची कपाटं, कुलूप, आणि वर्षातून एकदा पुस्तक प्रदर्शनाचा फोटो. कारण काय तर पुस्तक हरवलं तर जबाबदारी ग्रंथपालावर. मान्य आहे भीती खरी आहे. पण मग मुलं कव्हरं बघून मोठी होतात.

माझं म्हणणं, थंडीतला सण म्हणजे एकच करा, २४ला प्रत्येक मुलाच्या हातात एक पुस्तक घरी जाऊ द्या, दोन जानेवारीला परत. आइसलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकं द्यायची रीत आहे, दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या वस्तू मिळेनात, कागदावर त्यामानाने कमी बंधनं होती, तिथून ती वाढली. लोक पुस्तक घेतात आणि रात्री वाचत पडतात. संपला सण. मुख्याध्यापकांना फोटो हवाय ना, फाटकातून पुस्तक घेऊन बाहेर पडणाऱ्या चाळीस मुलांचा काढा.

पुस्तककपाट

@तिरकस_काना तुमचं टोचलं पण पटलं. कुलूप आमच्याकडेही आहे, किल्ली माझ्याकडे असते तेवढाच फरक. सुट्टीत पुस्तक घरी द्यायला मी मुख्याध्यापकांकडून लेखी घेणार आहे की दोन-चार हरवली तर ती निर्लेखनात टाकायची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करायची. बघू सही करतात का.

@गोदाकाठ शरणपूरचं वाचून मी स्टाफरूममध्ये विचारलं, एकालाही माहीत नव्हतं! इतिहासाच्या सरांना पण.

@वसईची_वाट थँक्यू गं, पदार्थाचा प्रश्न बेस्ट आहे. मुस्लिम मुलांचं मात्र काय करू? थंडीत त्यांचा ठरलेला सण नसतो ना.

हिमगाव_आई

इथे न्यू जर्सीहून. मुलीच्या शाळेच्या लायब्ररीत दरवर्षी पालकांना बोलावतात, विंटर हॉलिडेज म्हणून, मी संक्रांत घेऊन जाते. पहिल्यांदाच लायब्ररियन बाईंनी सांगितलं की पब्लिक स्कूल (म्हणजे इथली सरकारी शाळा) आहे, धर्माबद्दल सांगू शकता, धर्म करवून घेऊ शकत नाही. १९६३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून शाळेत प्रार्थना-बायबलवाचन करवून घ्यायला बंदी आहे पण धर्माचा अभ्यास चालतो. म्हणजे सुगड दाखवायचं, आत काय काय ते सांगायचं, पूजा नाही. मला आधी वाटलं काय हे रुक्ष, पण खरं सांगू, त्यामुळे कोणाचीच तक्रार येत नाही. तुम्हीही ही रेघ आखून घ्या, सांगायचं आणि दाखवायचं, आरती-प्रार्थना कोणाचीच नाही.

तिळगूळ नेता येत नाही! २०२३ पासून तीळ इथे अधिकृत ॲलर्जनच्या यादीत नववा आहे, दूध-अंडी-शेंगदाण्यांच्या पंगतीत. त्यामुळे मी हलव्याचे दागिने काचेच्या डब्यात बंद करून नेते (साखरेच्या दाण्याखाली तीळ असतोच) आणि काळी साडी. सगळ्यात जास्त प्रश्न काळ्या साडीवर येतात. एरवी सणाला काळं वर्ज्य आणि आज मुद्दाम काळं, ऊन धरून ठेवतं म्हणून, हे मुलांना फार आवडतं. मग खिडकीत काळा आणि पांढरा कपडा ठेवून हात लावून बघतात.

इथे क्वान्झा असतो, २६ डिसेंबर ते १ जानेवारी, आफ्रिकन अमेरिकन लोकांचा, १९६६ मध्ये सुरू झालेला. त्यात मुलांना जी भेट द्यायची त्यात एक पुस्तक असायलाच हवं असा दंडक आहे. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आहे की आपण संक्रांतीला वाण लुटतो ते प्लास्टिकचे डबे आणि चमचे कशाला, पुस्तकं लुटावीत. आणि हनुक्का हा ज्यूंचा सण आला की मी अलिबागचे बेने इस्रायली ज्यू सांगते, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून ‘शनिवार तेली’, घरात मराठी बोलणारे. हे इथल्यांपेक्षा आपल्याच मुलांना सांगायची जास्त गरज आहे.

मुस्लिम मुलांबद्दल: त्यांचं वर्ष चांद्र आहे, दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंत फिरून येते. २००० साली रमजान ईद डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. आणि २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आणि परत डिसेंबरअखेर. जुनी कॅलेंडरं गोळा करून मुलांनाच शोधायला लावा की.

सावलीमापक

कॅलेंडरवरून आठवलं, विज्ञानवाल्यांना पण घ्या यात. कारण हे सगळे सण एकाच गोष्टीभोवती आहेत, लहान दिवस आणि मोठी रात्र. इराणमध्ये २०-२१ डिसेंबरच्या सर्वात मोठ्या रात्री यल्दा असते, डाळिंब-कलिंगड खात जागतात आणि हाफिजच्या कविता वाचतात. कविता वाचायचा सण आहे हो, लायब्ररीला याहून काय पाहिजे, दोन डाळिंबं आणि मुलांनी निवडलेल्या कविता, शंभर रुपयांत झालं.

प्रयोग: एक मीटरची काठी मैदानात उभी रोवायची. २२ डिसेंबरला नाशिकला सूर्य माथ्यावर यायची वेळ (म्हणजे सावली सर्वात लहान) साडेबाराच्या जरा नंतर, तेव्हा सावली साधारण ९५ सेंटिमीटर भरेल. खडूने खूण. १४ जानेवारीला तीच काठी, पावणेएकच्या सुमारास, सावली ८८च्या आसपास. दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात तो असा पट्टीवर दिसतो. मग सातवीतला एखादा विचारेल की उत्तरायण जर १४ जानेवारीला तर सावली २२ डिसेंबरपासूनच का कमी होतेय. विचारलंच पाहिजे त्याने. खरं उत्तरायण डिसेंबरातच सुरू होतं, मकर संक्रांत हा सूर्य मकर राशीत शिरण्याचा दिवस, आणि पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे हे दोन दिवस शतकानुशतकं एकमेकांपासून लांब गेलेत. सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस. म्हणून तर आता अधूनमधून १५ जानेवारी येते, २०२४ला होती तशी. जुन्या कॅलेंडरांत तेही सापडेल.

@तिरकस_काना हे सगळं तासात नाही, मधल्या सुट्टीत होतं. वाचायला वेळ उरतो.

तिरकस_काना

सावलीला हरकत नाही. डाळिंबाला आहे, डाग जात नाही पुस्तकावरचा.

पुस्तककपाट

बापरे, मला वाटलं दोन प्रतिसाद येतील. तर असं ठरवतेय, चुकत असेल तर आत्ताच बोला. २२ला मधल्या सुट्टीत काठी आणि पहिली खूण. २४ला साने गुरुजी जयंती, थंडीतल्या पदार्थाचा प्रश्न सगळ्यांना, नासिक बॉईजची गोष्ट मी सांगणार, आणि जाताना प्रत्येकाला एक पुस्तक घरी. सही मिळाली! मुख्याध्यापक म्हणाले तीनपर्यंत हरवली तर चालतील, चौथ्याला बघू. गोठा मैदानाच्या कोपऱ्यात, किल्ल्याचे दगड अजून तिथेच पडलेत. यल्दा या वर्षी नाही, कविता वाचन मात्र ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला घेते, त्या स्वतः कविता लिहायच्या, ते जास्त शोभेल.

१४पासून मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू होतो, तेव्हा पुस्तकांचं वाण. इथे अडलंय. हळदीकुंकू म्हटलं की फक्त सवाष्ण आया येणार, ते मला नकोय. मुलांकडून पुस्तक आणवावं तर ज्यांच्या घरात एकही नाही ती काय आणतील? आणि पाचशे रुपयांत नवी पुस्तकं किती येणार, सात-आठ?

हिमगाव_आई

हळदीकुंकू नावच घेऊ नका. ‘पुस्तक लुटा’ म्हणा, निरोप मुलांतर्फे, घरातलं कोणीही या. आजोबा, मोठा भाऊ, कोणीही.

गोदाकाठ

पाचशे रुपये घेऊन रद्दीवाल्याकडे जा, ते पण आत्ताच, कारण दिवाळी अंक वाचून लोक डिसेंबर-जानेवारीत रद्दीत काढतात. बालभारतीचे ‘किशोर’ आणि मुलांचे दिवाळी अंक वजनावर मिळतात. घासाघीस करा, शाळेसाठी म्हटलं की तो दोन किलो वर टाकतो. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन पण फुकट ठेवलेत, मोबाइलवर मुलांना दाखवता येतील.

पाटीपेन्सिल_गुरुजी

आणि ताई, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, खुल्या परवान्याच्या, छापून वाटल्या तरी चालतात. आमच्या केंद्रशाळेच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात काढतो आणि रंग पोरं भरतात, त्यामुळे प्रत्येक प्रत वेगळी. ज्या पोराकडे घरी पुस्तक नाही त्याने रंगवलेली प्रत आणायची, झाला तोही देणारा. हे आधी दोन आठवडे सुरू करा, एका दिवसात होत नाही.

वसईची_वाट

तिळगूळ दाराबाहेर द्या, हात धुवून मग आत. पाकाचा हात पानाला लागला की मुंग्या कपाटापर्यंत जातात, आमच्या वाचनालयात झालंय.

पुस्तककपाट

हो, बादली-मग दारातच ठेवते. गुरुजी, शेवटचं एक, मुलांच्या हातची पुस्तकं तुम्ही बांधता कशी? आमच्याकडे मागे केली होती ती दोन महिन्यांत सुटी झाली.

पाटीपेन्सिल_गुरुजी

स्टेपलर वापरला असणार. पिन गंजते आणि पान तिथेच फाटतं. टोच्याने मधल्या घडीवर तीन भोकं पाडा, गोधडीचा जाड दोरा घ्या, मधल्या भोकातून सुरू करून मधल्यातच गाठ मारा. बाहेरून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावा, फुकट मिळतो आणि मजबूत असतो. गणपतीचं चित्र आतल्या बाजूला गेलं तरी पोरं कुरकुरतात, त्यांना बाहेर हवं असतं, तेवढं सांभाळा.